आईच्या ताटातले 25 ग्रॅम

आईच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हा घरात सगळे म्हणाले, वय झालं, चालायचंच. वय 74. वर्षभरात वजन 52 किलोवरून 48 वर आलं होतं. काही न करता वर्षात 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही फ्रेल्टीच्या, म्हणजे म्हातारपणी शरीर दुबळं होत जाण्याच्या, पाच खुणांपैकी एक. बाकीच्या चार म्हणजे सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन जुळल्या की फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिची सुरुवात. आईच्या तीन जुळल्या.

आधी डॉक्टरांकडे गेलो. वजन थायरॉईडमुळे उतरतं, मधुमेहाने, क्षयाने, नैराश्यानेही. शिवाय मूत्रपिंडाचा आजार असेल तर मनाने प्रथिनं वाढवणं धोक्याचं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय काहीच बदललं नाही. ते ठीक होतं. बी12 जीवनसत्त्व मात्र कमी निघालं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर ते तपासून घ्याच.

मग तीन दिवस तिचं खाणं काट्यावर मोजलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दीड पोळी, पातळ वरण, भात, भाजी. रात्री ‘हलकं’ म्हणून मऊ भात आणि ताक. पोट भरत होतं, पण प्रथिनं दिवसाला जेमतेम 25 ग्रॅम. म्हातारपणी किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, म्हणजे तिला 48 ते 58. वय वाढलं की स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून रात्रीचं हे ‘हलकं’च नडतं.

बदललेलं ताट असं: सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी (12 ग्रॅम) आणि कपभर दूध (5). दुपारी पोळी तेवढीच, पण वरण 30 ग्रॅम डाळीचं, घट्ट. वाटीभर दही, भाजीत दोन चमचे दाण्याचं कूट. चारला बिस्किटांऐवजी डाळ्याच्या पिठाचा छोटा लाडू. रात्री 40 ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि अर्धी भाकरी, किंवा 50 ग्रॅम पनीर. गोळाबेरीज पन्नासच्या वर जाते. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत 12 ग्रॅम होतात आणि काम फार सोपं होतं.

पहिल्याच आठवड्यात सगळं एकदम वाढवलं, ती माझी चूक. पोट फुगलं आणि तिने रात्रीचं जेवण सोडलं. पुन्हा सुरुवात केली ती मुगापासून. डाळ रात्रभर भिजवून, पाणी बदलून, हिंग-आलं घालून. दर आठवड्याला एकच पदार्थ वाढवला. दुसरी चूक प्रोटीन पावडरची. सहा वाजता दुधातून दिली की आठला भूक नसायची. जेवण होत नसेल तेव्हाच ती उपयोगी, आणि तीही जेवणानंतर. कवळी सैल असेल तर ती आधी नीट करून घ्या, नाहीतर भाकरी, दाणे, उसळ सगळं गुपचूप ताटात राहतं.

एकादशीचा पेच वेगळा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. उपवास सोड म्हणणं मला पटत नव्हतं. तिच्यासाठी तो श्रद्धेचा भाग आहे. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी आणि दही यावर भागलं.

नुसत्या खाण्याने स्नायू येत नाहीत. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाचदा उठ-बस करायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर समजतात. आईला 19 लागले होते. खुर्ची भिंतीला टेकवून, समोर कुणीतरी उभं राहून, दिवसातून दोनदा 5-5 उठ-बशा सुरू केल्या. गुडघे दुखू लागले तेव्हा बैठकीवर उशी टाकून उंची वाढवली. तीन महिन्यांनी 14 सेकंद. वजन दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी; ते 49.5 झालं.

मधे ताप आला आणि पाच दिवस अंथरुणातच गेले. म्हातारपणी अशा दिवसांत स्नायू भराभर झडतात. नुसत्या पेजेवर न ठेवता दर दोन तासांनी अर्धी वाटी मुगाचं कढण नाहीतर दही देत राहिलो, आणि ताप उतरला त्या दिवशीच तिला धरून अंगणापर्यंत चालवलं.