दाराला कडी लावू नका

आमच्या शाळेत चपला व्हरांड्यात काढायच्या, हे पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. 2019 च्या पुरानंतर शाळा भरली तेव्हा चौथीतला एक मुलगा मात्र चपला हातात घेऊन वर्गात यायचा आणि मांडीखाली घेऊन बसायचा. दप्तर पाठीवरच. वही काढायची झाली की एक पट्टा सोडायचा, वही घ्यायचा, पट्टा परत खांद्यावर. आणि दर थोड्या वेळानं करंगळी वर, "बाई, एकीला जाऊन येऊ?"

मी कर्नाटकात, निपाणी भागातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. गाव वेदगंगेच्या काठचं. त्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा दोघीही पात्र सोडून आल्या, यमगर्णीजवळ पाणी महामार्गावर चढलं आणि वाहतूक ठप्प झाली. आमची शाळा उंचावर आहे, म्हणून खालच्या आळीतली माणसं तिथेच राहायला आली. वर्गावर्गांत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची छावणी, सुरू झालं. हा मुलगा आईवडिलांबरोबर चौथीच्याच वर्गात झोपत होता. पुढे त्याच फरशीवर बसून त्यानं अभ्यास करावा अशी आमची अपेक्षा होती.

पाणी उतरलं. वर्ग धुतले, ब्लीचिंग पावडर मारली, भिजलेल्या पुस्तकांच्या जागी नवी आली, अक्षरदासोहची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, चूल पुन्हा पेटली. मधल्या सुट्टीत मुलं पुराचा खेळ खेळू लागली. एकजण नावाडी, दोघी म्हशी, बाकीचे झाडावर अडकलेले. काही सहकाऱ्यांना तो खेळ अभद्र वाटे, पण मी तो बंद पाडू दिला नाही. जे तोंडानं सांगता येत नाही ते मुलं खेळातून सांगतात आणि दर खेपेला त्यातली थोडी भीती कमी होते. काळजी करायची ती न खेळणाऱ्याची. हा मुलगा कठड्याला टेकून नुसता बघत राहायचा.

एकदा तो एकीला म्हणून गेला तेव्हा मी मागोमाग गेले. मुतारीकडे न वळता तो सरळ शाळेच्या मागच्या ओढ्यापाशी गेला. ओढ्याच्या कडेला एक काठी रोवलेली होती. वाकून त्यानं काठी आणि पाणी यांच्यातलं अंतर बोटांनी मोजलं आणि परत फिरला. पूर चढताना गावात हेच करतात. पाण्याच्या कडेला काठी रोवायची, तासाभरानं बघायचं, काठी बुडाली की बाडबिस्तरा उचलायचा. ओढ्याला तेव्हा घोट्याएवढंही पाणी नव्हतं. तरी तो रोज, दिवसातून कितीतरी वेळा, साऱ्या गावाच्या वतीनं पाणी मोजून येत होता. मी त्याला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यानं करंगळी वर केली की "जा, बघून ये" एवढंच म्हणू लागले.

दसऱ्याआधीच्या एसए-1 मध्ये, म्हणजे सहामाही परीक्षेत, त्यानं गणिताचा पेपर जवळजवळ कोरा दिला. तिसरीत याच पोरानं बारापर्यंतचे पाढे मला उलटे म्हणून दाखवले होते. मागे पडलेल्या मुलांना परत शिकवायच्या जादा वर्गासाठी, म्हणजे परिहार बोधनासाठी, यादी होऊ लागली आणि त्याचं नाव आपसूकच त्यात आलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि ऑक्टोबर अखेरीस परतीच्या पावसानं जोर धरला. एका दुपारी मी चौथीला पाढ्यांची छोटी चाचणी दिली होती. ढग भरून आले, वर्गात अंधारलं आणि बघता बघता पत्र्यावर पाऊस असा कोसळू लागला की मला माझाच आवाज ऐकू येईना. झड दारातून आत येऊ लागली. दाराजवळचा मुलगा गुणी, पुस्तकं भिजतील म्हणून उठला, दार ओढलं आणि वरची कडी लावली.

पुढचं मला नीट दिसलंही नाही. हा मुलगा मागच्या रांगेतून वह्या तुडवत आला आणि त्यानं कंपासपेटी त्या पोराच्या कपाळावर हाणली. मग दोन्ही हातांनी दारावर धडका. कडी वर होती, त्याचा हात पुरत नव्हता. तोंडातून शब्द नाही, रडणं नाही, डोळे सताड उघडे. एक मुलगी किंचाळली, तशी दोन-तीन लहानगी रडायला लागली.

मी आधी कडी काढली. दार सताड उघडून पायाने दगड लावला. ज्याला लागलं होतं त्याचं कपाळ पाहिलं, टेंगूळ होतं, रक्त नव्हतं. त्याला शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे ओला रुमाल धरायला पाठवलं. मग उंबऱ्यात बसले. हा मुलगा माझ्यापासून हातभर लांब चौकटीला पाठ लावून थरथरत उभा होता. त्याला जवळ ओढलं नाही, "का मारलंस?" असंही विचारलं नाही. त्या घडीला त्याच्याजवळ उत्तर नव्हतंच. एवढंच म्हणाले, "दार उघडं आहे. मी इथंच आहे. आपली शाळा उंचावर आहे." थोड्या वेळानं परत तेच. क्षीरभाग्य योजनेत मुलांना सकाळी मिळणाऱ्या दुधातलं थोडं उरलं होतं, ते स्वयंपाकाच्या मावशींनी गरम करून पेल्यात आणून दिलं. दोन्ही हातांत पेला धरून तो हळूहळू खाली बसला. बाकी मुलांना मी मोठ्यानं कविता म्हणायला लावली.

पाऊस ओसरत आला तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, पाणी वाढालंय?"

"चल, बघून येऊ."

छत्री घेऊन आम्ही दोघं ओढ्यापर्यंत गेलो. पाणी वाढलं होतं, पण काठीपासून बरंच लांब होतं. त्यानं मोजलं, मी मोजलं. परत आल्यावर मी न सांगता त्यानं चाचणीचा कागद पुढे ओढला आणि रिकाम्या चौकटी भरायला लागला. आठाचा पाढा पूर्ण बरोबर. बाराच्या पाढ्यात दोन ठिकाणी चुकला.

या मुलाला पाढे येत होते, पण भीतीच्या वेळी ते त्याच्या हाती लागत नव्हते. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं आपत्तीनंतरच्या मानसिक आधारावर काढलेल्या पुस्तिकांत मी हे वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना पाहिलं तेव्हा ते खरं कळलं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याचा इशारा देतो, अंगात अ‍ॅड्रेनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, काळीज धडधडतं, अंग पळायला किंवा मारायला तयार होतं. कधी जागीच थिजतं. हातचा धरणं, ऐकलेलं लक्षात ठेवून लिहिणं, राग आवरणं ही कामं मेंदूचा पुढचा भाग करतो आणि त्याचा जोर अशा वेळी ओसरतो. पाणी कधीच उतरलेलं असतं, पण पत्र्यावरचा आवाज, चिखलाचा वास, बंद दार एवढंही पुरतं. रानडुकरांच्या भीतीनं रात्रभर माळ्यावर राखण करणाऱ्याच्या हातात पोथी दिली तर त्याला वाचता येईल का? त्याची नजर पिकावरच राहणार. हा मुलगा वर्गात बसून तशी राखण करत होता आणि आम्ही त्याला लक्ष नाही म्हणत होतो. असं मूल नेहमी भेदरलेलं दिसतच नाही. कुणी हाणामारी करतं, कुणी उलट उत्तर देतं, कुणी बाकावर डोकं टेकून झोपतं, कुणाचं रोज पोट दुखतं. मोठ्यांना त्यात वांडपणा किंवा आळस दिसतो.

मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं आणि त्याचं नाव परिहारच्या यादीतून काढायला लावलं. येणारे पाढे त्याला परत शिकवण्यात अर्थ नव्हता.

टेंगूळ आलेल्या पोराची आजी दुसऱ्या दिवशी तरातरा शाळेत आली. तिचा राग रास्त होता. तिच्या नातवाचा काही दोष नव्हता, मार मात्र त्यानं खाल्ला होता. मी कडीचं सांगितलं तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्येंच्या घरात पाणी दारातनंच शिरलं बाई. दार फुगून बसल्यालं, कडी निघंना. बापानं कौलं काढून पोराला वर वढलं." हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चपलांचाही उलगडा तेव्हा झाला, त्या रात्री तो अनवाणी कौलांवर बसून होता. त्या दिवसापासून चौथीच्या दाराला शाळेच्या वेळात कडी लागली नाही. ढग आले की मी आधीच सांगायची, "आता पत्रा वाजेल, घाबरू नका." त्याची जागा दाराजवळ केली. दोन्ही मुलांना बोलावलं, तेव्हा त्यानं स्वतःहून त्या पोराची माफी मागितली.

पण रात्री तो अजून किंचाळून उठत होता. अशा प्रसंगानंतर बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही वाईट स्वप्नं, दचकणं, टाळणं चालूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्याच्या बाबतीत दोन महिने होऊन गेले होते. त्याची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. एक दिवस ती कानडीतली नोटीस वाचून घ्यायला माझ्याकडे आली. घराचं किती नुकसान झालं त्यावरून पाडलेल्या ए, बी, सी गटांत आपलं घर कुठं बसलं हे तिला कळत नव्हतं. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर झाले होते, त्यामुळे त्या एका अक्षरावर सगळं अडलं होतं. त्यावरून घरात रोज भांडण. सगळे दिराच्या एका खोलीत राहत होते, मुलगा भिंतीकडे तोंड करून ते ऐकत झोपायचा. पूर येऊन गेला होता, पण त्याच्या डोक्यावर टांगती तलवार तशीच होती, आणि शाळेत मी कितीही दारं उघडी ठेवली तरी या गोष्टीला माझा हात पुरत नव्हता.

सरकारच्या मनोचैतन्य या मानसिक आरोग्य कार्यक्रमात ठरलेल्या मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर येतात. पोर वेडं ठरेल म्हणून आई तयार नव्हती. मी रजा टाकली आणि बरोबर गेले. डॉक्टर कानडी बोलणारे, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. त्यांनी मुलाला चित्र काढायला बसवलं, त्याच्याशी बराच वेळ बोलले, औषध दिलं नाही. मग आईकडे वळून विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पोराला दाखवाय आणलंय न्हवं, मला कशाला इचारालेत?" आणि बोलता बोलता रडायला लागली. पुरापासून तिनं सलग झोप घेतली नव्हती. नवरा झोपला की उठून ती दाराची कडी काढून ठेवायची आणि उंबऱ्यात बसायची. आई जागी बसते म्हणजे धोका अजून आहे, एवढं मुलाला कळत होतं. डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या, दोघांनाही परत बोलावलं.

पुढच्या मार्चमध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या आणि चौथीची एसए-2, म्हणजे वार्षिक परीक्षा, झालीच नाही, त्यामुळे कागदावर त्याची प्रगती दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण त्या पहिल्या भेटीनंतरच्या ठरलेल्या मंगळवारी त्याच्या आईला मला सोबत न्यावं लागलं नाही. खालच्या आळीतल्या आणखी दोघीजणी आपापल्या पोरांना घेऊन तिच्याबरोबर गेल्या.