तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचं प्रेम इतकं सावकाश का?

माझ्या हातात जाडजूड कादंबरी दिसली की कुणी ना कुणी विचारतंच. ‘काळी जादू आहे, शाप आहे, प्रेमकथाही आहे म्हणता, मग तीनशे पानं झाली तरी त्या दोघांनी साधा हात कसा धरला नाही? कंटाळा येत नाही तुम्हाला?’ ज्याला हल्ली सगळे ‘स्लो बर्न’ म्हणतात, त्या प्रकाराबद्दलचा हा प्रश्न.

नाही येत कंटाळा. उलट, अशा गोष्टीत झटपट जमलेलं प्रेम मला पटतच नाही, आणि त्याला कारण ती काळी जादूच.

असं बघा. साध्या प्रेमकथेत कुणी ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणालं, तर फार तर तो खोटं बोलत असेल. पण जिथे वशीकरण चालतं, मन बांधता येतं, हवं ते तोंडून वदवून घेता येतं, तिथे बोलणाऱ्यालाच खात्री नसते की हे आपलं मन बोलतंय की मंत्र. कबुलीला, शपथेला तिथे काही किंमत उरत नाही. उरतं ते वागणं. आणि वागण्याची पारख एका रात्रीत होत नाही. हातात ताकद असताना हा माणूस ती कुणावर वापरतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणावर वापरायचं टाळतो, हे दिसायला प्रसंगामागून प्रसंग जावे लागतात. ती तीनशे पानं त्यासाठीच खर्ची पडतात.

सध्या वाचतेय त्या कादंबरीतलंच सांगते. तिथला मांत्रिक जितकी मोठी जादू करेल तितकी मोठी आठवण गमावतो. म्हणून तो वही ठेवतो: कुणाचं देणं आहे, कुठला मंत्र अर्धवट राहिलाय, कोण शत्रू आहे. नायिका त्याच्याकडे जुन्या पोथ्या नकलून द्यायला आलेली. पहिल्या भागात तिने डोळ्यांदेखत पाहिलंय की एका पहारेकऱ्यावर वशीकरण झालं आणि तो अतिशय गोड, अतिशय प्रेमळ बोलत स्वतःच्याच घराचं दार वैऱ्याला उघडून मोकळा झाला. तेव्हापासून गोड शब्दांची तिला धास्तीच आहे. मांत्रिकाला हे ठाऊक आहे, म्हणून तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो. पानंच्या पानं हे असं चालतं. आणि मग एका मोठ्या विधीच्या आदल्या रात्री वही तिच्या हाती लागते. काय विसरायचं नाही, याची यादी त्यात आहे. विहिरीत काय पुरलंय, किल्ली कुठे आहे, आणि त्याखाली त्याच अक्षरात, तितक्याच कोरडेपणाने: ‘तिला दिवा उजव्या हाताला लागतो.’

बस, एवढंच. ती वही मिटते आणि पुन्हा नकलायला बसते. मला मात्र पुस्तक खाली ठेवून उठावं लागलं. हेच वाक्य पन्नासाव्या पानावर आलं असतं तर माझ्या नजरेतूनही निसटलं असतं. ती डावखुरी आहे, हाताची सावली अक्षरांवर पडते म्हणून ती दिवा सरकवून घेते, हे मीही मधल्या पानांत नुसतं ओझरतं वाचलं होतं. त्याने ते टिपून ठेवलं होतं.

हा प्रकार आजचाही नाही. फ्रेंच लेखिका गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव यांची ‘ब्युटी अँड द बीस्ट’ १७४० ची. शापाने श्वापद झालेला राजपुत्र रोज रात्री त्या मुलीला ‘माझी होशील का?’ अशा अर्थाचा एकच प्रश्न विचारतो, ती रोज नकार देते, आणि तो तो नकार मुकाट्याने मान्य करतो. सगळी सत्ता त्याच्या हातात, वाडा त्याचा, ती तिथे अडकलेली. तरी होकार तिच्याकडूनच यायला हवा. पुढे १७५६ मध्ये ल प्रँस द बोमों या दुसऱ्या फ्रेंच लेखिकेने लहान मुलींसाठी ती गोष्ट बरीच आटोपशीर केली आणि तीच जास्त पसरली. पण रोजचा तो प्रश्न तिलाही काढता आला नाही. तो काढला तर गोष्टच संपते.

अर्थात नुसतं लांबवलं म्हणजे जमलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. दोघं जवळ आली की दारावर थाप, मनातलं सांगायला गेलं की कुणीतरी जखमी, एका वाक्यात मिटेल असा गैरसमज दोनशे पानं ताणलेला, अशा पुस्तकांवर मी खरोखर चिडते. तिथे माणसं बदलत नाहीत, लेखक फक्त वेळ काढतो. आणि ज्या कादंबरीत काळी जादू फुकट मिळते, करणाऱ्याचं काहीच जात नाही, तिथला अंधार हा नुसता काळा पडदा असतो. आणखी एक: नायक क्रूर वागतो आणि ‘बिचारा शापित आहे’ म्हणून नायिकेने सगळं पोटात घालायचं, हे मला मान्य नाही. शाप हे त्याच्या दुःखाचं कारण असेल, तिला दुखवायचा परवाना नव्हे.

‘मग शेवटी जमतं का त्यांचं?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. बहुतेक वेळा जमतं, त्यात काही गुपित नाही. म्हणून तर मी शेवटचं पान आधी उघडत नाही. तिथे मला नवं काही मिळणार नसतं. तुम्हाला वाचून बघायचं असेल तर घाईच्या दिवसांत सुरू करू नका, आणि जादूच्या लढाया वाचताना हवं तर पानं भराभरा उलटा, पण दोघं एका खोलीत आपापलं काम करत बसलेली असतील तेव्हा सावकाश वाचा. कोण कुठे बसलंय, कुणी कुणासाठी काय सरकवलं, कुणी काय विचारायचं टाळलं, ते बघा.

माझी कादंबरी अजून संपलेली नाही. विधी झालाय, त्याच्या बऱ्याच आठवणी गेल्यात, आणि ती कोण हे त्याला वहीतूनच कळणार आहे. आता ती त्याला वही वाचून दाखवेल की स्वतःच्या तोंडाने सांगेल, यावर मी आज अडले आहे.