११.५५ – ओढा नाही

शिट्टी माझ्या ओठांपर्यंत आली होती. माझ्यापासून जेमतेम ऐंशी मीटरवर पाच मुलं डोंगराच्या एका धारेवर उभी होती आणि त्यांतला एक जण हातातल्या काठीने खाली दाखवत म्हणत होता, "ओढा तर तो काय, दिसतोय! सरळ उतरलो की झालं." मी झुडपाआड होते. वारा माझ्याकडे येत असल्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्या उतारावर हिरवळ संपते तिथे कडा आहे. ते मला माहीत होतं, कारण आठवडाभर आधी मी ती सगळी वाट स्वतः फिरून आले होते. वरून मात्र तो कडा दिसत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि ड्यूक ऑफ एडिनबरा या तरुणांसाठीच्या पुरस्कारासाठी नाव दिलेल्या मुलांची अवॉर्ड लीडर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून काम बघते. ही पाचही मुलं ब्राँझ, म्हणजे पहिल्या स्तराची. या स्तरासाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात. सेवा, कौशल्य आणि व्यायाम या तीन भागांत दर आठवड्याला साधारण एक तास, असे किमान तीन महिने, आणि यांपैकी कुठल्या तरी एका भागात आणखी तीन महिने काम करायचं. चौथा भाग साहसी प्रवासाचा. दोन दिवस, एक रात्र. आधी सरावाची मोहीम आणि मग खरी.

पालक हमखास विचारतात, "मॅडम, यात नंबर कसा काढतात?" नंबर नसतोच. कुणाची कुणाशी तुलना नाही, नापास नाही, फार तर "अजून पूर्ण झालेलं नाही" एवढंच. वयाच्या पंचविशीपर्यंत मुदत असते. हे पटवून द्यायला दर वर्षी माझी एक पालकसभा खर्ची पडते आणि मला तिचा अजिबात कंटाळा येत नाही, कारण मुलांच्या आयुष्यात नंबर नसलेली अशी किती कामं उरली आहेत?

प्रवासाचा नियम साधा आहे. गट चार ते सात जणांचा. वाट त्यांनी आखायची, ओझं त्यांनी वाहायचं, स्वयंपाक त्यांनी करायचा, तंबू त्यांनीच लावायचा. मोठ्यांनी लांब राहायचं आणि सुरक्षिततेचाच प्रश्न आला तर मध्ये पडायचं.

सरावाच्या मोहिमेत मी हा नियम पाळला नव्हता. एका फाट्यावर मुलं घोळ घालत उभी राहिली, ऊन चढत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावीकडे." बस, एवढंच. त्यानंतर दिवसभर प्रत्येक फाट्यावर पाचही माना वळून माझ्याकडे बघायच्या. नकाशा मुलीच्या हातात, होकायंत्र तिच्या गळ्यात, आणि डोळे माझ्यावर. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांना वाट दाखवली होती आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातून ती काढून घेतली होती.

म्हणून खऱ्या मोहिमेला मी मुलांना सांगितलं, की मी मुक्कामाच्या जागीच भेटेन. पहिल्या टप्प्यापुरती मात्र अंतर ठेवून त्यांच्या मागे राहिले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती फाट्यावर पोचली. तिथे उजवीकडे चांगली मळलेली वाट वर चढते आणि डावीकडची खरी वाट गवतात अर्धी बुडालेली आहे. मुलांनी उजवी घेतली. मी गप्प राहिले. ती ढोरवाट होती, गुरांनी चरायला जाता येता केलेली. माझ्या पायांना काटे टोचत होते, पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे गप्प राहणं.

गटात एका मुलाकडे वेळेची नोंद होती. नकाशा वाचण्यात तो जरा कच्चा, म्हणून बाकीच्यांनी ते काम त्याच्या गळ्यात मारलं होतं. पण काम त्याने मनापासून केलं. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक आडाखा मी वर्गात शिकवला होता: सपाटीला तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. पाठीवर ओझं म्हणून मुलांनी वेग चारचा धरला. फाट्यापासून ओढा दोन किलोमीटर, चढ साठ मीटर. म्हणजे तीस मिनिटं अधिक सहा. त्यांनी चाळीस धरली. अकरा पन्नासला ओढा लागायला हवा.

अकरा पंचावन्नला तो मुलगा थांबला.

"पाच मिनिटं वर झाली."

"पाच मिनिटांनी काय होतंय?" नकाशावाली म्हणाली.

"निदान पाण्याचा आवाज तरी यायला हवा ना."

सगळे गप्प झाले. आवाज होता तो फक्त वाऱ्याचा. मग ती खाली बसली, गुडघ्यावर नकाशा पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं आणि सुई नकाशाच्या उत्तरेशी जुळेपर्यंत नकाशा हळूहळू फिरवत राहिली. वाट उत्तरेला जायला हवी होती. ते पूर्वेला चालले होते. तिचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही, फक्त नकाशा बाकीच्यांच्या दिशेने सरकवला.

तेवढ्यात काठीवाल्याला खाली ओढा दिसला आणि माझा हात शिट्टीकडे गेला.

मी मनाशी हद्द ठरवली होती. धारेवरून दहा पावलं खाली उतरले की शिट्टी वाजवायची, मग मोहीम पूर्ण होवो न होवो. तो तीन पावलं उतरला. चौथं. मागून नकाशावाली ओरडली, "थांब! या रेषा बघ." नकाशावरच्या तपकिरी रेषा जितक्या जवळ, तितका उतार तीव्र. तिने काडीपेटीतली एक काडी काढली, धार आणि ओढा यांच्यामधे आडवी ठेवली आणि मोजायला लागली. काडीच्या जाडीत आठ रेषा मावल्या होत्या. तो परत वर आला आणि स्वतः पुन्हा मोजल्या. "हा उतार नाही," तो म्हणाला, "ही भिंत आहे."

माझ्या हाताला घाम सुटला होता. शिट्टीची दोरी बोटांभोवती इतकी घट्ट गुंडाळली गेली होती, की सोडवताना वळ दिसले.

त्यातल्या एका मुलीच्या टाचेला फोड आला होता. परत जायचं म्हटल्यावर ती मट्कन खाली बसली आणि रडायलाच लागली. कुणी तिला समजावत बसलं नाही. एकाने तिची सॅक उघडली, तंबूचे दांडे स्वतःकडे घेतले, दुसऱ्याने स्टोव्ह घेतला, नकाशावालीने टाचेला चिकटपट्टी लावली आणि मोजा उलटा करून घातला, म्हणजे शिवण बाहेर येईल. हे त्यांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तरी नाही.

मग ते माघारी फिरले आणि मी ज्या झुडपाआड बसले होते, त्याच्या चार हातांवरून गेले. मी श्वास रोखून त्यांचे बूट मोजले. दहा.

फाट्यावरच बोलायला हवं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. न पाहिलेल्या वाटेवर मी असं गप्प राहिले नसते. तो कडा मला ठाऊक होता, हातात शिट्टी होती, अंतर धावून गाठता येण्याएवढं होतं, म्हणूनच तो अधिकार मला होता असं मी मानते. १९५६ मध्ये प्रिन्स फिलिप, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिनबरा, यांनी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारांवर हा पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याची धुरा जॉन हंट यांच्याकडे दिली. हंट हे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. स्वतः ओझं घेऊन ते खूप उंचावर चढले होते, पण हिलरी आणि तेनझिंग शिखरावर गेले तेव्हा हंट खालच्या छावणीत वाट बघत होते. त्या दुपारी ते मला फार जवळचे वाटले.

मुलं मुक्कामाला दीड तास उशिरा पोचली. मी वळसा घालून गाडीरस्त्याने त्यांच्या आधी तिथे आले होते. असेसर, म्हणजे मोहिमेचं मूल्यमापन करणारे, बाहेरचे होते, शाळेशी संबंध नसलेले. तंबू लागल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे चुकलात?" घड्याळवाल्याने वही उघडून समोर धरली. पेन्सिलीने लिहिलं होतं: ११.५५ – ओढा नाही. त्याखाली रेघ मारून, १२.०७ – परत. असेसर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीचा टप्पा वेळेत झाला आणि त्यांनी प्रवास पूर्ण झाल्याची नोंद केली.

प्रवासानंतर गटाला सगळा वृत्तांत मांडावा लागतो. शाळेच्या सभागृहात पालकांसमोर मुलांनी तेच पान पडद्यावर मोठं करून दाखवलं. फोडवाल्या मुलीच्या आईचा आवाज जरा चढला. "पण एवढं चुकलात, तर वाट सांगायला कुणी मोठं नव्हतं का?"

"नाही," नकाशावाली म्हणाली. "मॅडम मुक्कामाला होत्या. तिथे आम्हीच होतो."

मी मागच्या रांगेत बसले होते. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.