तुम्ही विचारलंत म्हणून: गेम पीसीवर उशिरा का येतो?

दुकानात हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी येतो. कुणी रॅम घ्यायला आलेलं असतं, कुणी पोराचा लॅपटॉप फॉरमॅट करायला. जाता जाता काउंटरवर कोपर टेकवून विचारतात, "दादा, जीटीए सहा पीसीवर कधी?" जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो या गेमचा सहावा भाग. मी सांगतो, जाहीर झालंय ते फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसपुरतं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या डब्यांपुरतं, ज्यांना कन्सोल म्हणतात. तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. त्यात पीसीचं नाव नाही. मग खरा प्रश्न येतो: "पण पीसीवरच उशिरा का? आमची मशीन त्या डब्याहून भारी हाय की!"

दोन वाक्यांत उत्तर दिलं तर मी टाळतोय असं वाटतं. सविस्तर दिलं तर विचारतात, "तुम्हाला काय कंपनी पगार देते का?" परवा एकानं तर हसत हसत माझा फोटो काढला, "वकीलसाहेब" लिहून स्टेटसला टाकला. तेव्हा आता एकदाच लिहून ठेवतो. पुढच्याला हेच वाचायला देईन.

तुम्हाला हवं असलेलं उत्तर आधी देऊन टाकतो. पैसा. तोच गेम दोनदा-तीनदा विकता येतो. हे खोटं नाही. जीटीएचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरच्या वर विक्री झाली. १८ नोव्हेंबर २०१४ ला तोच पुढच्या पिढीच्या कन्सोलवर आला आणि १४ एप्रिल २०१५ ला पीसीवर. तिन्ही वेळा पैसे मोजलेला एक माणूस आमच्या जुळे सोलापुरातच आहे, शपथेवर सांगतो. इथं थांबलो तर तुम्ही खूश. २०१३ साली मीही इथंच थांबायचो, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

तेव्हा माझं दत्त चौकाजवळ गेमिंग कॅफे होतं. कॅफे आपलं म्हणायला. पत्र्याखालची एक खोली, सहा पीसी, दोन कुलर, तासाला वीस रुपये. सहाच्या सहा मशीनवर जीटीएचा जुना भाग सॅन अँड्रियास होता आणि त्यातला एकही विकत घेतलेला नव्हता. हे लिहायला आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. सोलापुरात तेव्हा गेम 'विकत' घेणं म्हणजे तीस रुपयांची डीव्हीडी आणणं.

पाचवा भाग कन्सोलवर आला तो गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी. पोरं मंडळाच्या ढोलाजवळून थेट कॅफेत आली. "अण्णा, आपल्याकडं कधी?" मी जुन्या भागांचा हिशेब मांडला. व्हाइस सिटी ऑक्टोबर २००२ ला प्लेस्टेशनवर, मे २००३ ला पीसीवर: सात महिने. सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४, मग जून २००५: आठ महिने. चौथा एप्रिल २००८, मग डिसेंबर: सात. म्हणजे हा एप्रिल-मेपर्यंत येणारच. कार्डशीटवर स्केचपेननं लिहून भिंतीला चिकटवलं, 'लवकरच', आणि प्रत्येकी पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतले. बावीस पोरं, अकरा हजार. त्यातून एक ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, दुसरं माझ्या पैशातून. पैसे भरणाऱ्याला गेम आला की पहिले पंचवीस तास.

त्यातला एक अशोक चौकातला होता. वडील पॉवरलूमवर. त्यानं पाचशे आणून दिले ते दहा-वीसच्या नोटांत, वर पाच-पाचची नाणी. काउंटरवर त्यानं स्वतःच दोनदा मोजले. मी वहीत नाव लिहिलं, त्यानं वाकून स्पेलिंग तपासलं.

एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये अखेर पीसीची घोषणा झाली, तीही "या वर्षाच्या शेवटाकडे". मी पोरांना सांगितलं, दिवाळीला. सप्टेंबरमध्ये तारीख आली २७ जानेवारी. मी म्हणालो, गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत नक्की. जानेवारीत ती गेली २४ मार्चवर, म्हणून पाडव्याच्या आसपास. फेब्रुवारीत पुन्हा ढकलली: १४ एप्रिल. आंबेडकर जयंती. सोलापूरचं अख्खं कॅलेंडर मी त्या एका गेमच्या नावानं खर्ची घातलं. प्रत्येक वेळी 'लवकरच'च्या खाली नवा सण लिहायचा आणि जुना खोडायचा. शेवटी शेवटी पोरं गेमपेक्षा तो कागद बघायला यायची.

मधल्या काळात दोन गल्ल्या सोडून एकानं दोन प्लेस्टेशन ३ आणून ठेवली. टीव्ही, डबा, दोन रिमोट. ना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), ना अँटीव्हायरस, ना विंडोज मरायची भीती. मला मामेभाऊ म्हणाला होता, तूही एक घे. मी त्याच्याशी भांडलो. "पीसी म्हणजे पीसी, डबा आणून मी माझ्याच धंद्याचा अपमान करू?" हे शब्द माझे आहेत, आणि ते कुणी आठवण करून दिले की अजून कान गरम होतात.

जयंतीच्या मंगळवारी गेम आला. डिस्क मामेभावानं शुक्रवारी रात्री पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं आणली. सात डीव्हीडी. सात! मिनिमममध्ये, म्हणजे गेमला किमान काय लागतं त्या यादीत, लिहिलेलं: चार कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, हार्डडिस्कवर ६५ जीबी मोकळी जागा. माझ्या सहापैकी दोन मशीन कोअर टू ड्युओ, म्हणजे दोनच कोअरची, ती तिथंच बाद. एकात जागा नाही. एकाचा डीव्हीडी ड्राइव्ह तिसऱ्या डिस्कवर घरघरायला लागला. उरलेल्या दोघांत नवी कार्डं होती, पैकी एकाचा पॉवर सप्लाय सव्वाशे रुपयांचा, लोड आला की मशीन आपोआप रीस्टार्ट. शनिवारी दुपारी बाहेर बेचाळीस अंश, कुलर गरम हवा फेकतोय, आणि खोलीत पंधरा पोरं एका स्क्रीनभोवती.

इन्स्टॉल झालं. अपडेट झालं. आयकॉनवर डबल क्लिक केलं. काहीच नाही. लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारी खिडकी, यायचा, दोन सेकंद थांबायचा, जायचा.

मी ड्रायव्हर बदलला. डायरेक्टएक्स पुन्हा टाकलं. अँटीव्हायरस काढला. डीव्हीडीचा घोळ असेल म्हणून पुन्हा सातही डिस्क. पोरं एकेक करून पांगली. रात्री अकराला नेटवर सापडलं: विंडोजच्या युजरनेममध्ये साधी इंग्रजी अक्षरं नसतील तर गेम उघडत नाहीये, जगभर कुणाकुणाचं असंच अडलंय. आणि माझ्या मशीनचं युजरनेम? चार वर्षांपूर्वी मराठी टायपिंग नवीन शिकलो होतो, हौसेनं प्रत्येक मशीनला देवाचं नाव दिलेलं, देवनागरीत. हे होतं 'सिद्धरामेश्वर'. नवीन अकाउंट उघडलं, नाव दिलं ए बी सी, गेम धावला.

आता सांगा, ही चूक कुणाची? हजारो मैलांवर बसलेल्या कुठल्या टेस्टरनं असा विचार करायचा की सोलापुरातला एक इसम आपल्या पीसीला ग्रामदैवताचं नाव देईल, तेही काना-मात्रेसकट? डब्याला कुणी नाव ठेवत नाही. डबा उघडत नाही, त्यात सव्वाशेचा पॉवर सप्लाय घालत नाही. डबा लाखो घरांत एकच असतो. पीसी म्हणजे एक मशीन नव्हेच, माझ्या एका खोलीत सहा वेगवेगळी होती.

अशोक चौकातला तो पोरगा तेवढा थांबला होता. तोवर तो पुण्यात कामाला लागलेला, जयंतीला रजा काढून आलेला. मी उठून खुर्ची दिली. "बस. तुझे पंचवीस तास." त्यानं माउस हातात घेतला, रस्त्यावर एक गाडी पळवली, दहाएक मिनिटं. मग उठला. "राहू दे की अण्णा. मी दोनदा संपवलो की ते, तिकडं प्लेस्टेशनवर." पैसे परत मागितले नाहीत. मी देऊ केले तर "ऱ्हाऊ दे की" म्हणाला आणि गेला. बाकी पोरांचेही पैसे मी पुढे फेडले, एकवीस नावांवर रेघ आहे. ते एक नाव तसंच आहे. कॅफे त्याच वर्षी दिवाळीआधी बंद केलं. सहा मशीनवर चालवायला सहा कॉप्या विकत घ्याव्या लागतात, एका कॉपीचं अकाउंट एका वेळी एकाच जागी चालतं, हे मला, कॅफे चालवणाऱ्याला, त्या रात्रीपर्यंत सुचलंही नव्हतं. पायरसीची भीती हे उशिराचं एक कारण सांगतात ना? त्या भीतीला चेहरा हवा असेल तर माझा घ्या.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर होते. त्यांना मी हे सगळं सांगितलं तर ते पटकन समजले, तुमच्यापेक्षा पटकन. भोकं पाडलेली कार्डं ज्या मशीनच्या हुकांच्या हिशेबानं केलेली असतात त्याच मशीनवर नक्षी उतरते. हुक जास्त असलेल्या दुसऱ्या जेकार्डवर तीच कार्डं चढवून चालत नाही. कन्सोलचं तसंच आहे. ग्राफिक्स चिप कुठली ते ठरलेलं, म्हणून शेडर, म्हणजे उजेड-सावली-रंग कसे काढायचे याच्या सूचना, कंपनी आधीच त्या चिपच्या भाषेत तयार करून पाठवते. पीसीवर ते काम तुमच्या घरी, तुमच्या कार्डासाठी, तुमच्या ड्रायव्हरप्रमाणे करावं लागतं. गेम सुरू करताना 'शेडर तयार होत आहेत' म्हणून अर्धा तास बसवतात ते हेच, आणि बसवलं नाही तर ऐन मारामारीत झटके बसतात. मेमरीचंही वेगळं. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना मिळून. आपल्याकडे रॅम वेगळी, कार्डावरची मेमरी वेगळी, आणि माल या गोदामातून त्या गोदामात वाहत बसायचा.

"पण दादा, प्लेस्टेशन ४ पासून आत पीसीसारखाच प्रोसेसर हाय, मग?" हे कुणी विचारलं की मला २०१३ चा मी समोर दिसतो. आणि कबूल करतो, इथं माझी वकिली लंगडी पडते. प्लेस्टेशनवाल्यांचेच गेम घ्या. होरायझन झीरो डॉन फेब्रुवारी २०१७ चा, पीसीवर ऑगस्ट २०२० ला. गॉड ऑफ वॉर एप्रिल २०१८, पीसीवर जानेवारी २०२२. जवळजवळ चार वर्षं शेडर तयार करत नव्हते कुणी. तो डबा खपवायचा डाव होता, सरळ धंदा. हेलडायव्हर्स २ मात्र फेब्रुवारी २०२४ ला दोन्हीकडे एकाच दिवशी आला, कारण चार जणांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन गेमला पहिल्या दिवसापासून गर्दी लागते. म्हणजे मनात आलं की जमतं. पहिला रेड डेड रिडेम्प्शन तर २०१० चा, पीसीवर आला ऑक्टोबर २०२४ ला. चौदा वर्षं. वनवाससुद्धा तेवढाच होता. याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही, विचारू नका.

पण मग 'एकाच दिवशी आणा' म्हणणाऱ्यांना मी बॅटमॅन अर्कम नाइटची आठवण देतो. जून २०१५, सगळीकडे एकदम आला, आणि पीसीवर इतका अडखळला की काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली. परत आला ऑक्टोबरच्या अखेरीस. यावर तुम्ही म्हणाल, उशिरा आणला म्हणून तरी नीट असतो का? नसतो. द लास्ट ऑफ अस पार्ट वन सात महिने उशिरा, मार्च २०२३ ला पीसीवर आला आणि पहिल्याच दिवशी शिव्या खाल्ल्या. आणि डबेवाल्यांनाही थांबावं लागतं बरं का! बाल्डर्स गेट ३ पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ ला आला, प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरमध्ये, एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरात, कारण स्वस्तातल्या सिरीज एसवर दोघांनी एका स्क्रीनवर खेळायचं काही केल्या जमेना. ही गोष्ट मी दुकानात फार आनंदानं सांगतो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या दोन गल्ल्या पलीकडच्या माणसावरचा राग.

काल एक कॉलेजचा पोरगा आला होता. "सहाव्यासाठी पीसी बनवायचाय, कोटेशन द्या." मी प्रोसेसर लिहिला, रॅम लिहिली, पॉवर सप्लाय चांगल्यातला लिहिला. ग्राफिक्स कार्डाची ओळ मोकळी ठेवली. म्हणालो, गेम पीसीवर जाहीर होऊ दे, मिनिमम कळू दे, मग ही ओळ भरू. तो खिशातून पाच हजार काढून ॲडव्हान्स म्हणून पुढे करायला लागला. मी नोटा त्याच्याकडेच सरकवल्या. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला यातलं नक्की कळतंय ना, दादा?" मग पलीकडच्या दुकानात गेला.