25 युरो आणि ताईची इलेक्शन ड्युटी

23 फेब्रुवारी 2025 ला जर्मनीत संसदेची निवडणूक झाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी, निवृत्त नर्स, मतदान केंद्रावर कामाला होत्या. पैसे किती मिळतात, असं मी आपलं मराठी सवयीने विचारलं. "25 युरो. केंद्रप्रमुखाला 35." तेव्हा इथलं किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. म्हणजे दोन तासांच्या मजुरीत अख्खा रविवार, आणि वर ह्या बाई सगळ्यांसाठी घरून केक नेणार!

अशी सुमारे पावणेसात लाख माणसं त्या दिवशी देशभर बसली होती. काही शहरं पदरचे पैसे घालून भत्ता वाढवतात. बर्लिनमध्ये सप्टेंबर 2021 च्या निवडणुकीत मतपत्रिका संपल्या, रांगा लागल्या, कोर्टाने निवडणूक रद्द केली. मग फेब्रुवारी 2023 च्या फेरमतदानाला तिथे 240 युरोपर्यंत दिले. नाक कापलं गेलं की तिजोरी उघडते, हे इथेही आहे तर.

संध्याकाळी मोजणी बघायला गेलो. इथे ती केंद्रावरच, हाताने आणि सगळ्यांदेखत होते. माझ्यासारखा परका माणूसही जाऊन बघू शकतो. टेबलं जोडून मतपत्रिकांचे गठ्ठे लावत होते. आवडलं, खोटं कशाला बोलू.

ऑफिसात मात्र डोकं फिरलं. एक सहकारी म्हणाला, "आमच्याकडे लोक हौसेनं करतात, तुमच्याकडे सरकारी माणसं लावावी लागतात, ना?" अरे बाबा, तुझी हौस आठ ते सहाची. त्यातही सकाळची पाळी वेगळी, दुपारची वेगळी, मोजणीला तेवढे सगळे एकत्र. केंद्र घरापासून पाच मिनिटांवर आणि रात्री झोपायला स्वतःची गादी.

माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला ती केंद्राध्यक्ष होती. आदल्या दिवशी सकाळी तालुक्याला साहित्यवाटप: कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, शाई, लाखेपासून टाचणीपर्यंत सगळं यादीशी ताडून घ्यायचं. मग एसटीने डोंगरातल्या केंद्रावर. रात्री वर्गातल्या सतरंजीवर झोप, म्हणजे डास झोपू देतील तेवढी. सातला मतदान, म्हणून साडेपाचला मॉक पोल: निदान 50 मतं टाकायची, जुळवायची, पुसायची. दिवसभर म्हातारीकोतारी, भांडणारे पोलिंग एजंट, मध्येच साहेबांचा फोन, टक्केवारी पाठवा. सहानंतर मशिनं सील करायची, किती मतं पडली त्याच्या हिशोबाचा 17सी फॉर्म भरायचा, आणि परत तालुक्याला साहित्य जमा करायच्या रांगेत. घरी पोचली तेव्हा दूधवाला येऊन गेला होता. ह्याचा तेव्हाचा दर केंद्राध्यक्षाला दिवसाला 350 रुपये आणि मतदान अधिकाऱ्याला 250.

बायकोचं म्हणणं, ताईंना त्या दिवसांचा पगार चालू असतो, तुमच्या आजींना नसतो. मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच मी विषय बदलला.

आणि ती जर्मन हौसही अगदी शुद्ध नाही बरं का. नेमणूक झाली की सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. 500 युरोपर्यंत दंड आहे. आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडणुकीच्या कामात कसूर केली तर 500 रुपयांपर्यंत. आकडा तोच, फक्त चलन वेगळं! हे सहकाऱ्याला सांगितल्यावर तो कॉफी आणायला गेला.

मी स्वतः इथे आल्यापासून मत दिलेलं नाही. इथे हक्क नाही. तिकडे आहे, पण परदेशातल्या मतदारालाही केंद्रावर स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, आणि दोन मिनिटांच्या मतासाठी कोण विमानाचं तिकीट काढणार? ताई मात्र हे ऐकून घेत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या निवडणूक आयोगाने भत्ते वाढवले, केंद्राध्यक्षाला दिवसाला 500. मतदार याद्या सांभाळणाऱ्या बीएलओंचे वर्षाचे 6,000 होते, ते 12,000 झाले. मी उत्साहाने फोन केला. ताई म्हणाली, "पैशांचं सोड रे, सतरंजीच्या जागी गादी देणार आहेत का, ते बघ तुझ्या बातमीत."