बाबांनी ओळखलेलं तिखट

सावंतवाडीला आमचं मिरची कांडप होतं. एप्रिल-मे लागला की पहाटेपासून डंक सुरू, आणि सगळ्या घराला शिंका. बाबांनी ते तीस वर्षं चालवलं. मी मात्र हॉटेल मॅनेजमेंट करून बुडापेस्टला आलो आणि इथल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये मांसाचं काम बघतो. मांस म्हणजे मुख्यतः डुकराचंच. आमच्या घरात ते कुणी खात नाही. बाबांनी कधी विरोध केला नाही, पण फोनवर "काम बरा चललाहा मा?" याच्या पुढे कधी काही विचारलंही नाही.

ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते ऑक्टोबरात, नेमके बेकेशचाबा या गावच्या कोल्बास महोत्सवाच्या आठवड्यात. कोल्बास म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. 1997 पासून हा महोत्सव भरतो आणि त्यात सॉसेज बनवण्याची स्पर्धा असते. आमच्या किचनचा संघ उतरणार होता, त्यामुळे मला सुट्टी नव्हती. बाबांना दिवसभर एकटं घरी कसं ठेवायचं? बायको म्हणाली, "अरे, विचारून तर बघ." बाबा म्हणाले, "येतंय. खावचंय नाय, पण बघतलंय."

पहाटेची गाडी धरून आम्ही चौघं निघालो. गाव बुडापेस्टपासून दोनेकशे किलोमीटर, रुमानियाच्या सीमेकडे. ओसाड पडलेल्या या जागी 1718 मध्ये स्लोवाक शेतकरी येऊन वसले, त्यांच्या घराघरांतलं हे सॉसेज. स्पर्धेच्या मंडपात लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर मांसाचा ढीग, पांढरे एप्रन घातलेली माणसं, कुठे बाजा, कुठे पालिंकाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, छोटे ग्लास. बाबा मांसापासून दोन हात लांब, खुर्चीवर. आमच्या आचारीबुवांनी त्यांच्यापुढे लसणाची टोपली ठेवली. बाबा आणि माझा मुलगा सोलायला बसले. हा लसूण ठेचून कोमट पाण्यात घालतात आणि ते पाणी गाळून मांसात ओततात.

चाबाई, म्हणजे या गावच्या, कोल्बासचा मसाला मोजकाच: मीठ, लसूण, शहाजिऱ्यासारखं जिरं, आणि पाप्रिका म्हणजे इथली लाल मिरचीपूड, गोड आणि तिखट दोन्ही. शेजारच्या ज्युला गावच्या सॉसेजात मिरी असते, इथे नाही. म्हणजे सगळी मदार पाप्रिकावर. ती मी विकत आणली होती.

मी पिशवी फोडली तसे बाबा उठून आले. चिमूटभर तिखट तळहातावर घेतलं, अंगठ्याने रगडलं, नाकाशी नेलं. पुन्हा रगडलं.

"ह्येका वास खय आसा रे? मेलेला तिखाट ह्या. उजेडात रवलेला दिसता."

त्यांच्या तळहातावर रगडल्यावर लाल नाही, विटकरी रेघ उठली होती. मी रोज हाताळतो ती वस्तू, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आचारीबुवांना हंगेरियनमध्ये सांगितलं. त्यांनी हुंगलं, बाबांकडे बघितलं आणि पिशवी बाजूला सारली. "घेऊन जा त्यांना. ते निवडतील."

बाहेरच्या स्टॉलवर बाबांनी तीन ठिकाणी मान हलवली. चौथ्या ठिकाणी एका आजीबाईंकडे कालोचा गावची पाप्रिका होती. बोटावर ती तेलकट, गडद लाल उतरली आणि वास सुकवलेल्या फळासारखा. बाबांनी जिभेला लावली. "आमची ब्याडगी. रंग आसा, तिखटपणा नाय." मी सांगितलं, की सेगेद शहरातल्या पाल्फी भावांनी 1859 मध्ये मिरचीच्या शिरा आणि बिया काढून दळायची पद्धत बसवली, म्हणून ही गोडी. बाबा बराच वेळ ती पूड बघत राहिले. आम्हाला लहानपणी तेच सांगायचे: रंग सालीत, तिखटपणा शिरेत. मुलगा मध्येच म्हणाला, "आजोबा, सेगेदच्याच मिरचीतून एका शास्त्रज्ञाने व्हिटॅमिन सी काढलं, त्याला नोबेल मिळालं!" त्याला शाळेत शिकवलं होतं. सेंट-ज्यॉर्जी, 1937.

मळणं हे आमच्या कामातलं मला सर्वात आवडणारं काम. मांस बर्फासारखं गार असतं, बोटं बधीर होतात. पहिल्यांदा तिखट वरवर बसतं, ठिपके ठिपके. मग हातांच्या उबेने चरबी जराशी सैल होते आणि रंग आतून फुटायला लागतो. सगळं एकजीव झालं की मूठभर उचलायचं आणि हात पालथा करायचा. गोळा तळव्याला चिकटून राहिला, पडला नाही, तर झालं. मी हात पालथा केला. बाबा दोन हातांवरून वाकून बघत होते. गोळा पडला नाही.

आचारीबुवांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, पालिंकाचा ग्लास पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि तसाच परत ठेवला.

बक्षीस मिळालं नाही. आमच्या टेबलाच्या उजवीकडचा संघ खरंच आमच्याहून सरस होता.

परतीच्या गाडीत बायको आणि मुलगा झोपून गेले. बाबांच्या मांडीवर पाप्रिकाची एक किलोची पिशवी, वर्तमानपत्रात गुंडाळून, उजेड लागू नये म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाले, "किलोक मीठ किती घालतंस?"

"वीस ग्रॅमच्या आसपास."

"आणि धूर कसलो देतत? खयचा लाकूड?"

मी सांगत गेलो. वाटेतलं सोलनोक स्टेशन येईपर्यंत ते विचारत होते.