मंगळावरचे पाणी किती काळ टिकले?

मंगळावर पाणी सापडल्याची बातमी आली की मला आधी जाणून घ्यावेसे वाटते ते हे, की ते कोणत्या रूपात सापडले आणि एका जागी किती काळ टिकून होते. नुसते पाणी असणे सूर्यमालेत मुळीच दुर्मीळ नाही. चंद्राच्या मातीतील त्याच्या खुणा आपल्या चांद्रयान-1 वरील उपकरणाने टिपल्या आणि 2009 मध्ये त्या जाहीर झाल्या. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरील भेगांतून उसळणारे वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे कॅसिनी यानाने 2005 मध्येच पाहिले. उघड्या जमिनीवर साचून दीर्घकाळ न आटलेले पाणी मात्र फार थोड्या ठिकाणी होते, आणि जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्याला त्याचेच मोल अधिक.

अशा दृष्टीने विचार करण्याची सवय मला नागपूरच्या दगडांमुळे लागली. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी पुरातन खडक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत होते, पण दोन लोटांच्या मध्ये बराच काळ शांततेचाही जाई. त्या काळात सखल भागात तळी साचत, तळाशी गाळ बसे, गोगलगायी नांदत आणि मग पुढचा लोट येऊन ते सारे झाकून टाकी. टाकळीजवळच्या अशा थरांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोळा केले. येथील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. एका परिचितांनी दिलेला तसा एक राखाडी, तळहातावर मावणारा तुकडा माझ्याकडे आहे. त्याच्या फुटलेल्या बाजूवर गोड्या पाण्यातील शंखांची वेटोळी आडवी-उभी कापली गेलेली दिसतात, आणि शंखांच्या आतल्या पोकळ्याही सिलिकाने भरून दगड झालेल्या आहेत. लहान, मोठे, अर्धवट वाढलेले असे शंख एकाच तुकड्यात पाहिले की ते पाणी एखाद्या पावसाळ्यापुरते साचलेले डबके नव्हते, याविषयी शंका उरत नाही.

मंगळावर शंख नाहीत, त्यामुळे तिथे साक्ष काढावी लागते ती गाळाकडूनच. मरिनर 9 यानाने 1971-72 मध्ये कोरड्या नदीपात्रांची छायाचित्रे पाठवली, तेव्हा एवढे कळले की पाणी कधीतरी वाहून गेले होते. परंतु खोल पात्र एखादा प्रचंड पूरही अल्पावधीत कोरू शकतो. क्युरिऑसिटी हा रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारे यंत्र, 2012 मध्ये गेल विवरात उतरला आणि त्याला वाळूत घट्ट रुतून बसलेले गोलसर गोटे दिसले. एवढे मोठे दगड वारा उचलून नेत नाही. त्यांच्या कडा वाहत्या पाण्यात घरंगळूनच झिजतात. पुढे यलोनाइफ बे या भागात त्याने चिखलापासून बनलेला बारीक कणांचा खडक ड्रिलने छेदला आणि त्यात चिकणमातीची खनिजे आढळली, तीही जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी अशा पाण्यात तयार झालेली. त्या विवरातील शार्प पर्वताच्या पायथ्याशी तर अशा गाळाचे पातळ थर एकावर एक रचलेले आहेत. इतका बारीक कण तळाशी बसायला पाणी संथ हवे आणि थरांवर थर साचायला वेळ हवा. तेथील सरोवरे मधूनमधून आटत-भरत का होईना, पण हजारो, कदाचित लाखो वर्षे होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माझ्या मते मंगळाविषयी या शतकात हाती आलेली सर्वांत मौल्यवान माहिती हीच.

आज तेथे हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने उघड्यावरचे शुद्ध पाणी टिकत नाही. फीनिक्स यानाने 2008 मध्ये उत्तरेकडील मैदानात चर खणला, तेव्हा त्यात दिसलेले पांढरे खडे चार दिवसांत नाहीसे झाले. ते मिठाचे असते तर तसेच राहिले असते, म्हणून तो बर्फच होता हे सिद्ध झाले. याउलट, उतारांवरील ज्या गडद रेघांमुळे 2015 मध्ये वाहत्या पाण्याचा गाजावाजा झाला, त्या कोरड्या वाळूच्या घसरणीच्या असाव्यात, असे 2017 च्या अभ्यासात दिसून आले. मथळे मोठे होते, दुरुस्ती मात्र थोड्यांच्याच वाचनात आली, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

जेझेरो विवराजवळ, एका प्राचीन नदीच्या पात्रात, पर्सिव्हिरन्स रोव्हरने 2024 मध्ये चिखलाच्याच खडकाचा एक नमुना नळीत भरून घेतला. त्या खडकावरील ठिपक्यांत लोहाची फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजे असावीत, असे मोजणीवरून दिसते. पृथ्वीवरील गाळात अशी खनिजे सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात, तशीच ती निव्वळ रासायनिक क्रियेनेही होऊ शकतात. यांतले खरे कोणते हे ठरवायला लोह आणि गंधकाच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंची, सूक्ष्म मोजणी हवी, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे रोव्हरवर मावत नाहीत. नमुने परत आणण्याची अमेरिकेची योजना खर्चापायी अडली आहे, आणि चीनची थ्येनवेन-3 मोहीम स्वतःचे वेगळे नमुने गोळा करणार आहे. चिखलाचा हा खडक पृथ्वीवरील प्रयोगशाळेत आला पाहिजे, मग त्यासाठी दुसऱ्या एखाद्या मोहिमेला थांबावे लागले तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे.